दिवसभराचे ऊन आणि संवेदनशील त्वचा : सनस्क्रीनच्या आधी काय पाहावे

प्रश्न असा आला आहे की, जमीनमोजणीच्या कामामुळे दिवसाचे आठ-नऊ तास उघड्यावर जातात, त्वचा लहानपणापासून नाजूक आहे, कोणतेही सनस्क्रीन लावले की चेहऱ्याची आग होते, आणि न लावावे तर कडक ऊन सुरू झाल्यावर हातांवर बारीक, खाजरे पुरळ उठते; अशा वेळी सर्वांत जास्त एसपीएफचे (म्हणजे उन्हाने पोळण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या आकड्याचे) कोणते सनस्क्रीन घ्यावे? त्वचारोगांवर उपचार करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांनी तोवर बरीच सनस्क्रीन विकत घेऊन अर्धवट टाकून दिलेली असतात. माझे उत्तर थोडक्यात असे की, अधिक मोठ्या आकड्याचे सनस्क्रीन शोधण्याआधी ज्यावर ते लावावे लागते ते उघडे अंगच कमी करावे. नाजूक त्वचेच्या जितक्या कमी भागावर क्रीम लावावे लागेल तितका त्रास कमी होतो, आणि तेवढ्या भागावर मात्र ते पुरेसे लावता येते. पण त्याही आधी तुम्हाला होणारा त्रास नेमका कशाचा आहे हे ओळखले पाहिजे, कारण उन्हाचा त्रास आणि क्रीमचा त्रास यांत गल्लत झाली की पुढचे सगळे उपाय वाया जातात.

क्रीम लावल्यापासून काही मिनिटांतच चुरचुर सुरू होत असेल, चेहरा धुतल्यावर ती थांबत असेल आणि त्वचेवर किंचित लालीखेरीज काही दिसत नसेल, तर ती बहुधा ॲलर्जी नसते. त्वचेचा सर्वांत वरचा, संरक्षण करणारा थर कमकुवत झालेला असतो आणि त्यामुळे एरवी निरुपद्रवी असलेले घटकही आत झोंबतात. वारंवार साबणाने चेहरा धुणे, खरखरीत स्क्रब वापरणे, मुरमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध) लावणे, किंवा मुळातच एक्झिमा (खाजरी, कोरडी त्वचा) अथवा रोझेशियाची (चेहरा लाल होण्याच्या विकाराची) प्रवृत्ती असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. याउलट क्रीम लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली व बारीक पाणीदार पुटकुळ्या आल्या आणि विशेषतः पापण्या सुजल्या, तर ती खरी ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक आहे. तिच्यामागे सुगंधी द्रव्ये, मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखी टिकाऊपणासाठी घातलेली रसायने, किंवा ऑक्सिबेन्झोन व ऑक्टोक्रायलीन यांसारखे सनस्क्रीनचेच मूळ घटक असू शकतात. यातल्या काही ॲलर्जी अशा असतात की क्रीम आणि ऊन दोन्ही एकत्र आल्याशिवाय त्या उठतच नाहीत, म्हणून घरात बसून करून पाहिलेली चाचणी निर्दोष ठरते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

तिसरी शक्यता म्हणजे खुद्द उन्हाची बाधा. तुम्ही वर्णन केलेले हातांवरचे पुरळ ‘पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन’ या विकाराशी जुळते. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण हा विकार अगदी सर्रास आढळतो. थंड किंवा ढगाळ दिवस संपून कडक ऊन सुरू झाले की पहिल्या काही दिवसांत, उन्हात गेल्यानंतर काही तासांनी, हातांच्या बाहेरच्या बाजूवर, छातीच्या उघड्या त्रिकोणावर आणि मानेवर खाजरे पुरळ येते. चेहरा वर्षभर उघडा राहत असल्याने त्याला सवय झालेली असते व तो पुष्कळदा वाचतो. ऊन टाळल्यास काही दिवसांत पुरळ खूण न ठेवता जाते, आणि हंगाम पुढे सरकतो तशी त्वचा सरावते. उन्हात जाताच दहा-पंधरा मिनिटांत पित्त उठल्यासारख्या गांधी येऊन सावलीत आल्यावर त्या तासा-दोन तासांत विरत असतील, तर तो वेगळा विकार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

यांत फरक करण्यासाठी आम्ही तपासताना जे पाहतो ते तुम्ही आरशासमोर, खिडकीच्या उजेडात स्वतःही पाहू शकता. उन्हामुळे उठलेले पुरळ सावलीत राहणाऱ्या जागा सोडून देते: हनुवटीच्या खालची खोबण, कानांमागची त्वचा, वरच्या पापणीची घडी आणि घड्याळाच्या पट्ट्याखालचे मनगट स्वच्छ राहते, आणि बाहीच्या कडेशी पुरळ रेघ ओढल्यासारखे थांबते. केवळ क्रीममुळे आलेल्या पुरळाला असा नियम नसतो. जिथे बोट फिरले तिथे, म्हणजे हनुवटीखाली आणि पापण्यांवरही, ते येते. घड्याळ काढून मनगटाकडे एकदा नीट पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो.

याच टप्प्यावर आपण घेत असलेल्या औषधांकडे पाहणे अत्यावश्यक आहे, आणि ही गोष्ट रुग्ण स्वतःहून फार क्वचित सांगतात. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे ॲमिओडॅरोन, काही वेदनाशामके आणि बुरशीवरचे व्होरिकोनाझोल यांमुळे त्वचा नेहमीपेक्षा कमी उन्हात पोळते. सांधेदुखीसाठी लावायच्या किटोप्रोफेन जेलची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. जेल गुडघ्याला लावले जाते, ते थांबवल्यानंतरही काही आठवडे त्या जागी ऊन लागताच तीव्र पुरळ उठू शकते, आणि ज्याला त्याची ॲलर्जी झाली आहे त्याला ऑक्टोक्रायलीन असलेले सनस्क्रीनही सोसत नाही. असा माणूस सनस्क्रीनला दोष देत राहतो आणि जेलची आठवण कोणालाच नसते. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ते दिले त्यांना उन्हातल्या कामाची कल्पना द्यावी, बहुतेक वेळा पर्याय असतो. मोजणी करताना झाडोरा तोडावा लागत असेल तर हेही लक्षात ठेवावे की लिंबू व अंजीर यांच्या वर्गातील काही झाडांचा रस किंवा चीक हाताला लागून वर ऊन पडले की पट्ट्यापट्ट्यांचे फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. तो चीक तत्काळ साबणाने धुवावा.

आता उन्हाविषयी. त्वचेचे नुकसान करणारे अतिनील किरण आणि अंगाला जाणवणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून गार वाऱ्याच्या दिवशी किंवा डोंगरमाथ्यावर माणसे अधिक पोळतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात आणि उरलेले यूव्हीबी. यूव्हीबीमुळे त्वचा लाल होते व पोळते. यूव्हीए अधिक खोल जातात, साध्या काचेतून आरपार येतात, आणि वर सांगितलेले पुरळ व औषधांमुळे होणारी बाधा यांना पुष्कळदा तेच कारणीभूत असतात. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के परत फेकते, आणि ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत. विरळ ढग त्यांना फारसे अडवत नाहीत. हवामानाच्या अंदाजात अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा यूव्ही निर्देशांक दिलेला असतो. तो ३ किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा सर्वांनीच संरक्षण घ्यावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कामाच्या जागी फोन पाहायला वेळ नसेल तर स्वतःच्या सावलीकडे पाहावे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन जोरात आहे असे समजावे. ज्या कामांची वेळ तुमच्या हातात आहे, जसे नकाशे जुळवणे, नोंदी तपासणे किंवा उपकरणांची जुळवाजुळव, ती त्या तासांत सावलीत घ्यावीत आणि मोकळ्या रानातली कामे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर ठेवावीत. सगळेच काही हलवता येत नाही हे मला मान्य आहे, पण भर दुपारचा एखादा तास टळला तरी फरक पडतो.

उरलेल्या तासांसाठी कपडे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये उन्हापासून बचावाची जी प्रसिद्ध मोहीम सुरू झाली, तिच्या घोषवाक्यातही पहिला मान सदऱ्याला होता, नंतर सनस्क्रीनला आणि मग टोपीला. हा क्रम मला आजही योग्य वाटतो. कापड झोंबत नाही, घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. मात्र प्रत्येक कापड सारखे नसते. पातळ, विरळ विणीचा पांढरा सुती सदरा उन्हाला वाटतो तितका अडवत नाही, आणि घामाने भिजून अंगाला चिकटला की आणखी कमी अडवतो. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर त्यातून किरणही येतात. घट्ट वीण, थोडा गडद रंग आणि अंगाला न ताणणारा ढगळ बेत या तीन गोष्टी पाहाव्यात. गडद रंगाने उकडेल ही शंका रास्त आहे, पण ढगळ कपड्यात हवा खेळती राहते, आणि काळ्यापर्यंत जाण्याचीही गरज नसते. मध्यम निळा किंवा हिरवाही पांढऱ्यापेक्षा बरा. खास उन्हासाठी बनवलेल्या कपड्यांवर यूपीएफ हा आकडा छापलेला असतो. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. उभी कॉलर, मनगटापर्यंत बाह्या आणि बोटे मोकळी ठेवणारे पातळ हातमोजे एवढ्यानेच तुमच्या हातांवरचे पुरळ बहुतांशी आटोक्यात यावे. मात्र पूर्ण कपड्यांत भर उन्हात काम करताना पाणी आणि विश्रांती यांत कसूर करू नये. चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले तर काम तिथेच थांबवून सावलीत जावे.

टोपीबाबत एक आग्रह आहे. पुढे चोच असलेली टोपी कपाळ आणि नाक झाकते, पण कान आणि मानेचा मागचा भाग उघडाच राहतो, आणि उपकरणावर वाकून काम करणाऱ्याच्या मानेवर तर दिवसभर ऊन पडते. चारही बाजूंनी निदान साडेसात सेंटिमीटर रुंद काठ असलेली टोपी घ्यावी. वाऱ्याने उडते ही तक्रार हनुवटीखालच्या दोरीने सुटते. हेल्मेट सक्तीचे असेल तर त्यावर बसणारा कापडी घेर आणि मागे मानेवर सोडायचे कापड मिळते.

एवढे झाल्यावर क्रीमसाठी चेहरा, कान, गळा आणि हातांचे पंजे एवढाच भाग उरतो. याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहा. सनस्क्रीनवर छापलेला एसपीएफ प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून मोजलेला असतो. एवढ्या थराने प्रौढ माणसाचे सर्वांग झाकायचे तर सुमारे ३५ मिलिलिटर, म्हणजे सात चहाचे चमचे क्रीम लागते, आणि तेही दर दोन तासांनी. इतके कोणी लावत नाही; बहुतेक माणसे त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात, आणि मग हाती पडणारे संरक्षण छापील आकड्याच्या जवळपासही जात नाही. पूर्ण कपडे घातलेल्या माणसाला मात्र चेहरा, कान व गळ्यासाठी एक चमचा आणि पंजांसाठी थोडे एवढे पुरते. इतके लावणे जमण्यासारखे असते.

आकड्यांचा मोह सोडावा असे मी म्हणतो त्याचेही कारण हेच. पुरेसे लावले तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. दिवसभराच्या कामासाठी ५० घ्यावे, कारण हात आखडता घेतल्यास थोडी भरपाई होते, पण त्यापलीकडचा आकडा झोंबणाऱ्या सूत्राची किंमत मोजून घेऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेष्टनावर यूव्हीए संरक्षणाची खूण असणे: वर्तुळात लिहिलेली यूव्हीए ही अक्षरे, किंवा पीए या अक्षरांपुढे अधिकची तीन-चार चिन्हे. एसपीएफचा आकडा मुख्यतः पोळण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाविषयी सांगतो. तुमच्यासारख्या पुरळासाठी यूव्हीए तितकेच महत्त्वाचे आहे.

घटकांपैकी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोन खनिज घटक नाजूक त्वचेला सहसा सोसतात, त्यांची ॲलर्जी फारच दुर्मीळ असते, आणि त्यांतही झिंक ऑक्साइड यूव्हीएचा मोठा पट्टा सांभाळते. ते आरशासारखे किरण परतवतात असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात तेही अतिनील किरणांचा मोठा भाग शोषूनच घेतात, पण त्वचेला झोंबत नाहीत हे आपल्या कामाचे. सावळ्या त्वचेवर ते पांढरट दिसतात आणि त्यामुळे माणसे थर पातळ करतात. यावर लोह ऑक्साइड मिसळलेले, त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते सनस्क्रीन हा चांगला तोडगा आहे. ज्यांना चेहऱ्यावर वांग येतात त्यांना तर त्याचा दुहेरी लाभ होतो, कारण वांग गडद करणारा दृश्य प्रकाश लोह ऑक्साइडमुळे अडतो. ‘सुगंधविरहित’ हा शब्द वेष्टनावर शोधावा; ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये, कारण वनस्पतींच्या अर्कांची आणि सुगंधी तेलांची ॲलर्जी नेहमी पाहण्यात येते. फवारा चेहऱ्यासाठी टाळावा. थर सारखा बसत नाही आणि श्वासातून आत जातो.

नवे सनस्क्रीन थेट चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतल्या घडीत रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून पाहावे. काही झाले नाही तर पुढचे काही दिवस ते हाताच्या बाहेरच्या बाजूला तेवढ्याच जागेवर लावून ती जागा थोडा वेळ उन्हात उघडी ठेवावी, म्हणजे ऊन मिळाल्यावरच उठणारी ॲलर्जीही लक्षात येते. यात पंधरवडा जातो, म्हणून कडक ऊन सुरू होण्यापूर्वीच ही तयारी करावी. त्याच काळात त्वचेचा वरचा थर सावरून घ्यावा: सौम्य, फेस कमी करणारे क्लिन्झर, रात्री साधे सुगंधविरहित मॉइश्चरायझर, आणि स्क्रब पूर्ण बंद. चेहऱ्याची आग होणाऱ्या पुष्कळांना एवढ्यानेच पूर्वी न सोसणारे सनस्क्रीन चालू लागते.

लावण्याची पद्धत अशी ठेवावी. सकाळी मॉइश्चरायझर मुरल्यावर, घराबाहेर पडण्याच्या वीस मिनिटे आधी सनस्क्रीन दोन पातळ थरांत लावावे. एकच जाड थर गोळा होतो आणि घामासरशी ओघळतो. कानांच्या पाळ्या, नाकाच्या बाजू, कपाळावर केस सुरू होतात ती कड आणि कानामागची मान या हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा आहेत. दुपारी पुन्हा लावताना घाम आणि धूळ यांवरच क्रीम चोळले तर ते वाळूच्या कागदासारखे घासते आणि नाजूक त्वचा तिथेच लाल होते. आधी ओल्या मऊ कापडाने चेहरा टिपून घ्यावा, पुसू नये; मग कोरडा होऊ द्यावा आणि लावावे. घाम फार येत असेल तर दोन तासांची वाट पाहू नये. डोळ्यांभोवती खनिज घटकांची कांडी वापरावी, ती ओघळत नाही, आणि कपाळावर टोपीच्या आत घाम शोषणारी पट्टी असली तर क्रीम डोळ्यांत उतरत नाही. कीटकांसाठीचे मलम लावायचे असेल तर सनस्क्रीन आधी आणि ते नंतर. दोन्ही एकत्र असलेले उत्पादन घेऊ नये, कारण सनस्क्रीन वारंवार लावायचे असते आणि कीटकनिवारक तितक्या वेळा लावणे योग्य नाही. ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवू नये.

खालचा ओठ थेट उन्हाकडे असतो, त्याला एसपीएफ असलेले लिप बाम लागते. डोळ्यांसाठी यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवत असल्याची खूण) असे लिहिलेला, बाजूंनी झाकणारा गॉगल घ्यावा. कामावर जाताना रोज खिडकीशी बसून प्रवास होत असेल तर त्या बाजूच्या हाताचीही बाही खाली ठेवावी; गाडीची पुढची काच यूव्हीए जवळजवळ पूर्ण अडवते, बाजूच्या काचा मात्र पुष्कळदा अडवत नाहीत.

इतके करूनही कधी त्वचा पोळलीच, तर लाली त्याच दिवशी पूर्ण दिसत नाही. ती १२ ते २४ तासांत चढते. म्हणून संध्याकाळी किंचित गुलाबी दिसणारी जागा दुसऱ्या दिवशी पूर्ण झाकून ठेवावी. गार, बर्फाळ नव्हे अशा पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, साधे मॉइश्चरायझर लावावे, पाणी भरपूर प्यावे आणि फोड फोडू नयेत. भूल देणाऱ्या घटकांची मलमे टाळावीत; त्यांचीच ॲलर्जी होण्याचा धोका असतो.

माझ्या या साऱ्या बोलण्यावरून सनस्क्रीन दुय्यम आहे म्हणून सोडून द्यावे असा निष्कर्ष मात्र काढू नये. ऑस्ट्रेलियातील नाम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात प्रौढांवर झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या वरच्या थरातील स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे दिसले. उघड्या राहणाऱ्या त्वचेला दुसरे संरक्षण नाही, आणि चेहरा तर उघडा राहणारच.

दीड-दोन महिने असे करूनही पुरळ येत राहिले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन असल्यास हंगामापूर्वी नियंत्रित मात्रेत प्रकाशकिरण देऊन त्वचा सरावता येते, आणि ॲलर्जीचा संशय असल्यास पॅच चाचणीने, म्हणजे संशयित घटक त्वचेवर चिकटवून पाहून, नेमका घटक शोधता येतो. पुरळ आठवडेच्या आठवडे टिकणे, सोबत सांधे दुखणे, तोंडात व्रण, केस गळणे किंवा कारणाविना थकवा येणे अशी लक्षणे असतील तर थांबू नये, कारण ल्यूपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या विकाराची) शक्यता तपासावी लागते. जाताना वापरलेल्या सगळ्या क्रीमच्या ट्यूब, औषधांची यादी आणि पुरळ ऐन भरात असताना काढलेली छायाचित्रे न्यावीत. उन्हात किती वाजता गेलात आणि पुरळ किती वाजता दिसले हे छायाचित्रासोबत लिहून ठेवावे. तपासणीच्या दिवशी त्वचा पुष्कळदा स्वच्छ असते आणि निदान त्या दोन वेळांमधल्या अंतरावरूनच करावे लागते.